गुरुवारचे कोळी

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत धाकटी सोळा वर्षं काचा घासत होती. खोलीला खिडकी नव्हती. पुढे मालक गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे, नंबर चिठ्ठीवर लिहून आत सरकवायचे, आणि ती यंत्राच्या चाकावर काचेची कड फ्रेमच्या मापाला आणायची. केसाएवढा फरक राहिला तर काच बसत नाही, आणि दामटून बसवली तर चार दिवसांनी तडकते. तिने बसवलेली काच कधी तडकली नव्हती. मालक हे गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, तिला मात्र कधी सांगत नसत. पण शेजारच्या घड्याळवाल्याने तिला कामावर बोलावलं होतं तेव्हा मालक दोन दिवस जेवले नव्हते, असं मालकीणबाईंनी तिला सांगितलं होतं.

घरी ताई होती. ‘घरी ताई होती’ एवढ्या तीन शब्दांत धाकटीचं सगळं वेळापत्रक मावत असे. सकाळी नऊ वीसला निघायचं, संध्याकाळी सहा दहाला दारात. सहा बारापर्यंत ती पोचली नाही की तिच्या पिशवीतला फोन वाजायचा. ताई रागावत नसे. नुसतं विचारायची, “बाळ, कुठे आहेस?” अडतीस वर्षांच्या बाईला बाळ म्हणणारी ती जगात एकटीच उरली होती, आणि त्यामुळे तिला तसं म्हणू नको सांगायला धाकटीची जीभ उचलत नसे.

आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती आणि ताई बावीसची. वडील त्याच्याही आधी गेलेले. ताई टेलिफोन ऑफिसात नोकरीला लागली. तिथल्याच एका माणसाने तिला लग्नाचं विचारलं. ताई म्हणाली, धाकटी मार्गी लागू दे. तो दोन वर्षं थांबला आणि मग थांबला नाही. हे घरात कुणी कधी बोललं नाही. पण न बोललेल्या गोष्टीसुद्धा भांडीकुंडी ठेवावीत तशा घरात जागा अडवून असतात.

सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या पादचारी पुलावर, भर गर्दीत, ताईला चक्कर आली. कठड्याला धरून ती अर्धा तास उभी राहिली. ना पुढे जाता येईना, ना मागे. तेव्हापासून ती घराचे चार मजले उतरली नव्हती. तीन डॉक्टर घरी येऊन गेले. कान ठीक, हृदय ठीक, रक्त ठीक. तिसऱ्याने मनाच्या डॉक्टरांना दाखवा असं हळूच सुचवलं, तेव्हा ताईने त्यांना चहा दिला, वाटेला लावलं आणि पुन्हा बोलावलं नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दळण, भाजी, बँक, औषधं, सगळं धाकटीकडे आलं. ताई घर इतकं चोख ठेवायची की दर रविवारी लांब झाडू घेऊन छताचे चारही कोपरे धाकटीकडून पुसून घ्यायची, जळमट असो वा नसो.

चार वर्षांपूर्वी मालकांनी वयोमानाने गुरुवारी दुपारी दोनला दुकान बंद करायला सुरुवात केली. पहिल्या गुरुवारी धाकटी सरळ घरी निघाली होती. दुकानामागच्या बागेतून वाट जवळची म्हणून ती आत शिरली आणि दहा मिनिटं बसावं म्हणून एका बाकावर टेकली. एप्रनच्या खिशात भिंग राहिलं होतं. बाकाच्या पाठीवर नखाएवढा एक करडा कोळी होता. तिने भिंग लावलं तसा तो वळला आणि तिच्याकडे पाहू लागला. एरवी किडे आपले इकडेतिकडे असतात, हा खरोखर बघत होता. तिने डोळे मोजले. समोर चार, त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे, आणि डोक्यावर मागेपर्यंत आणखी चार. बारा वर्षं माणसांच्या दोन-दोन डोळ्यांची उठाठेव करणाऱ्या बाईला हसूच आलं. याला नंबर लागला तर मालक कुठली फ्रेम देतील, असं तिच्या मनात आलं, आणि घड्याळ पाहिलं तर साडेपाच वाजून गेले होते.

त्या संध्याकाळी सांगायचं ठरवूनच ती घरी गेली. दारात ताई म्हणाली, “आज दोन मिनिटं उशीर?” धाकटी चपला काढत म्हणाली, एक काच राहिली होती. झालं. पुढच्या गुरुवारी सांगणं जास्त अवघड होतं, कारण आता मागच्या गुरुवारचंही सांगावं लागलं असतं. असे दोनशे गुरुवार साचले.

अशा तीन बागा दुकानापासून चालत जाण्याजोग्या होत्या. दुकानामागची छोटी, शाळेसमोरची गोल, आणि कारंज्याची मोठी. कुठे काय सापडेल हे तिचं तिलाच उमजत गेलं. सकाळी झाडांना पाणी घातलेलं असलं की पानांखाली. झाडाच्या सालीवर हात न लावता तिरकं पाहायचं, म्हणजे सालीसारखाच दिसणारा एक चपटा कोळी असतो तो हलला की कळतो. पिवळ्या फुलात पिवळा होऊन बसणारा, खेकड्यासारखे पुढचे पाय पसरणारा. मुंग्यांच्या रांगेजवळ मुंगीसारखाच चालणारा एक, जो पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवतो म्हणून फसायला होतं. तिला शास्त्रातली नावं ठाऊक नव्हती. तिने एक वही केली आणि आपणच नावं ठेवली. नक्कल्या, टोपीवाला, शिंपी, आळशी, रात्रपाळीवाला. प्रत्येकाचं चित्र, डोळ्यांची मांडणी, बाग, तारीख. वही दुकानात, यंत्राखालच्या खणात राहायची आणि फक्त गुरुवारी बाहेर पडायची.

कारंज्याच्या बागेतल्या माळ्याला सुरुवातीला संशय होता की ही बाई कलमं चोरते. दोन-तीनदा तो मागे मागे फिरला. मग एकदा तिने त्याला भिंगातून दाखवलं. तो बराच वेळ वाकून राहिला आणि म्हणाला, तीस वर्षं मी याच्यावर पाणी मारतोय. त्यानंतर तो तिला चष्मेवाल्या बाई म्हणू लागला आणि बातम्या द्यायला लागला. कण्हेरीत एक नवीन आलाय, भलताच माजलाय. मागच्या कुंपणावरचा गेला, बहुतेक पक्ष्याने नेला.

त्या गुरुवारी माळ्याने सांगितलं, पंपाच्या खोलीत बघा, छत भरलंय. कारंज्यामागे दगडी भिंतींची एक बुटकी खोली होती, लोखंडी दाराची, वर एका कोपऱ्यात वीतभर झरोका. आत पंप, पाइप, जुनी झारी, खतांची पोती. जागा अडचणीची म्हणून तिने पिशवी माळ्याच्या केबिनमध्ये ठेवली आणि भिंग, वही, पेन्सिल एवढंच घेऊन आत गेली. माळ्याला ऑफिसातून बोलावणं आलं होतं. तो म्हणाला, मी जाऊन येतो, तुम्ही निघालात तर दार नुसतं ओढून घ्या.

पंपामागे बादली उपडी घालून ती बसली. छताच्या कोनात लांब, केसासारख्या पायांचे फिकट कोळी उलटे लटकले होते. फुंकर मारली की आपल्या जागी इतक्या जोरात गरगरायचे की दिसेनासे व्हायचे. एका मादीच्या जबड्यात अंड्यांचा पुंजका धरलेला होता, जेमतेम धाग्याने बांधलेला, आतला एकेक मणी मोजता येईल असा. धाकटी मोजू लागली. पंप सुरू होता, त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दुपारपाळीचा पहारेकरी फेरीवर आला, त्याने दार उघडं पाहिलं, माळ्याच्या विसरभोळेपणाला एक शिवी दिली असणार, कडी घातली, कुलूप लावलं आणि निघून गेला. हे तिला पाच मिनिटांनी कळलं, दार ढकलल्यावर.

तेव्हा सव्वातीन वाजले होते.

तिने दार ठोठावलं, हाका मारल्या, पोत्यांवर चढून झरोक्यापाशी तोंड नेलं. बाहेर कारंज्याचं पाणी कोसळत होतं आणि त्याच्यापलीकडे मुलं ओरडत होती. एक ओरडणं दुसऱ्या ओरडण्यात मिसळून गेलं. तिने झारीने दार बडवलं. तिच्याच कानांत दडे बसले. माळी येईल, पिशवी त्याच्याकडे आहे, तो येणारच, असं तिने स्वतःला समजावलं. चार वाजले. माळी आला नाही. पाच वाजले. खोलीची तिला भीती वाटत नव्हती. तिला सहा दहाची भीती वाटत होती. दर पाच मिनिटांनी ती नव्याने हिशेब करायची. आत्ता सुटले तर रिक्षाने सात मिनिटं, आत्ता सुटले तर पळत. पावणेसहाला तिने दाराला खांदा लावला. खांदा दुखला, दार जागचं हललं नाही.

सहा वाजून नऊ मिनिटांनी ती बादलीवर येऊन बसली आणि घड्याळाकडे पाहत राहिली. दहा. अकरा. बारा. आता फोन वाजत असेल. केबिनमध्ये, खुंटीवर टांगलेल्या पिशवीत, कुणी नसताना.

आणि मग एक गोष्ट झाली, जी तिने पुढे कुणालाही सांगितली नाही. तिचे खांदे खाली आले. वेळ टळून गेली होती. कुणीतरी तिची वाट पाहत होतं आणि तिला काहीही करता येत नव्हतं, आणि तो तिचा दोष नव्हता. घरी जायची घाई नव्हती कारण जाताच येत नव्हतं. तिने पाय लांब केले. भिंतीला डोकं टेकवलं. कारंज्याच्या पाण्यावरून परतलेलं ऊन झरोक्यातून छतावर तिरकं पडलं होतं, आणि त्यात त्या फिकट कोळ्यांचे पाय काचेच्या तारांसारखे दिसत होते. तिने अंडी मोजली, बावीस. मग निवांत, पेन्सिलीला टोक काढून, चित्र काढलं. आठ वर्षांची होती तेव्हापासून आजवर असा अर्धा तास आपल्याला मिळाला होता का, हे ती आठवून पाहत होती, तेवढ्यात कडी वाजली.

माळी दारात उभा होता, तिची पिशवी हातात धरून. ऑफिसात त्याला चार तास बसवून ठेवलं होतं. परत येऊन केबिन उघडली तर पिशवी वाजत होती. तो बिचारा इतका घाबरला होता की कुलूप कुणी लावलं यावरून तो पहारेकऱ्याला बोलायचंही विसरला. नुसतं म्हणाला, “बाई, तुमचा फोन वाजून वाजून दमला.”

तेवीस वेळा. तिने उलटा फोन लावला. घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

इमारतीपाशी पोचली तेव्हा सव्वासात झाले होते. जिना चढताना पहिल्याच मजल्यावर तिला वरून शिवणवाल्या काकूंचा आवाज आला. या काकू दुसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि दारातच यंत्र ठेवून कपडे शिवायच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ताई पायरीवर बसली होती. घरातला गाऊन, एका पायात चप्पल, दोन्ही हातांनी कठड्याची सळई धरलेली. काकू शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसल्या होत्या. ताईचा चेहरा घामाने भिजला होता आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर एका जागी रोवलेली होती. वर चला म्हटलं तर वर येत नाहीत, खाली या म्हटलं तर खाली नाही, काकूंनी सांगितलं, अर्धा तास झाला.

धाकटीने शेजारी बसून ताईची बोटं एकेक करून सळईवरून सोडवली. उभं राहणं जमेना. मग बसल्या बसल्या, पाठमोरी, एकेक पायरी वर सरकत ती चढू लागली. खाली पाहायचं नाही म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. धाकटी मागून काखेत हात घालून आधार देत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांची दारं किलकिली झाली आणि मिटली. सत्तावीस पायऱ्यांना पंचवीस मिनिटं लागली.

घरात आल्यावर ताईने तोंड धुतलं, केस नीट केले, गाऊनच्या गुडघ्यावरची धूळ झटकली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, की तिने दुकानात फोन केला होता. दुकानातला उचलेना म्हणून मालकांच्या घरी केला. मालक म्हणाले, गुरुवारी तर दुकान दोनला बंद होतं, चार वर्षं झाली की.

“चार वर्षं,” ताई म्हणाली. “कोण आहे तो?”

धाकटी म्हणाली, “तो कुणी नाही. मी कोळी बघायला जाते.”

ताईने हे मनात दोनदा घोळवलं. “कोळी,” ती म्हणाली. “म्हणजे मासे धरणारा?”

“नाही गं. जाळं विणतो तो.”

“जाळं ते पण विणतात. बोट आहे त्याची?”

धाकटीला हसू फुटलं. ते तिने दाबलं, पण दाबायला उशीर झाला होता, आणि ताईने ते पाहिलं. एवढा वेळ कोरडे राहिलेले ताईचे डोळे त्या हसण्याने भरले. मग धाकटीला वही काढावीच लागली. पंपाच्या खोलीतून ती तशीच पिशवीत आली होती, पहिल्यांदाच घरात.

ताईने चष्मा लावला. तो धाकटीनेच बसवलेला होता. पहिल्या पानापासून, एकही पान न गाळता, ऑफिसात फाइल वाचायची तशी ती वाचत गेली. टोपीवाल्यापाशी थांबली. नक्कल्यापाशी विचारलं, की ही मुंगी नाही का? धाकटीने सांगितलं, पाय मोज. ताईने मोजले. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं, आणि धाकटीला क्षणभर वाटलं, एवढंच होतं का, एवढ्यासाठी मी चार वर्षं घाबरत होते का.

मग ती चौतिसाव्या पानावर आली. धाकटी त्या पानाबद्दल विसरली होती. दोन वर्षांपूर्वीचं पान होतं ते, शाळेसमोरच्या बागेतलं, एका वाईट आठवड्यातलं. मोठं चित्र, खाली नाव लिहिलेलं: ‘ताई’. आणि त्याखाली बारीक अक्षरात: जाळ्याच्या मधोमध बसते. पाय सगळ्या धाग्यांवर. कुठे पान पडलं तरी तिला कळतं. स्वतः कधी हलत नाही.

ताई ते पान किती वेळ पाहत होती हे धाकटीला सांगता आलं नसतं. शेवटी ताईने वही मांडीवर ठेवली.

“माझं पोट एवढं मोठं नाहीये,” ती म्हणाली.

ती हसत नव्हती. धाकटी खाली बसली, तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि म्हणायला हवं होतं ते, म्हणजे माफ कर, मला तसं म्हणायचं नव्हतं, हे तिला म्हणता आलं नाही. कारण तिला तसंच म्हणायचं होतं. ताईने तो हात काढला नाही, धरलाही नाही. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि सकाळचं जेवण गरम करायला लागली.

आठवडाभर ती कामापुरतंच बोलली. गुरुवारी सकाळी मात्र दारात म्हणाली, दुपारी जायचं तिथे जा, सहा दहापर्यंत ये म्हणजे झालं. फोन मी करणार नाही.

एवढं सोपं झाल्यावर धाकटीला आनंद व्हायला हवा होता. ती गोल बागेत गेली, नेहमीच्या कुंपणापाशी उभी राहिली, आणि तिला काहीही दिसेना. पानं होती, सावल्या होत्या. तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. यापूर्वी गुरुवारच्या तीन तासांत ताईच्या मनातली धाकटी मागच्या खोलीत काचा घासत असायची आणि खरी धाकटी इथे, कुणाच्याच मनात नसलेली. आता ती जिथे उभी होती ते कुंपणसुद्धा ताईला ठाऊक होतं. वहीत नकाशा होता. पाच वाजताच ती घरी परतली.

टेबलावर एक नवी, जाड पुठ्ठ्याची, रेघांची वही होती. ताईने काकूंकडून मागवून घेतली होती. तिने आठवडाभर दुपारी बसून धाकटीची वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. लाल शाईने समास आखले होते. पुढे अनुक्रमणिका. कोळ्यांचे बागेनुसार तीन भाग केले होते. शुद्धलेखनाच्या बावन्न चुका सुधारल्या होत्या. चित्रं तिला येत नव्हती, म्हणून तेवढ्या जागा सोडल्या होत्या आणि प्रत्येक जागेत पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘येथे चित्र.’ चौतिसाव्या पानावरच्या नोंदीतला एकही शब्द तिने बदलला नव्हता.

“आज किती सापडले?” ताईने विचारलं. पेन तयार होतं.

धाकटी त्या वहीकडे पाहत राहिली. एवढं काम तिच्यासाठी जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. तिच्या मनात दाटलं ते प्रेम होतं की गुदमरणं, हे तिचं तिला वेगळं करता येईना. ती म्हणाली, आज काही नाही, आज वारा होता. ताईने तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘वाऱ्यामुळे निरीक्षण नाही.’

तीन महिने असे गेले. ताई बदलली नाही असं नाही. शिवणवाल्या काकू रोज संध्याकाळी वर येऊ लागल्या, आणि दोघी मिळून तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरून पायरीवर पाच मिनिटं बसू लागल्या. त्याच्या पलीकडे ताई जात नव्हती. जिन्यात काढलेल्या त्या अर्ध्या तासाबद्दल तिने एकदाच सांगितलं. म्हणाली, मी तुला शोधायला निघाले होते, पण खरं सांगू, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी तुला विसरूनच गेले. फक्त मी आणि ती सळई. धाकटीला तेव्हा पंपाच्या खोलीतलं सांगावंसं वाटलं. पण ते सांगितलं असतं तर तेही लाल समासाच्या आत गेलं असतं.

शेवटी एका शनिवारी जेवताना तिने सांगितलं, उद्या मी नदीपलीकडच्या बागेत जाणार आहे. सकाळी निघेन, संध्याकाळी येईन. विचारलं नाही, सांगितलं. ताईने ताटातला हात थांबवला. म्हणाली, एवढ्या लांब, दिवसभर, आणि मला काही झालं तर? काकू आहेत, धाकटी म्हणाली. ताई म्हणाली, तुला जायचंच असेल तर जा, मी कोण अडवणारी. या वाक्याने घरात आजवर धाकटी नेहमीच अडली होती.

“जाते,” धाकटी म्हणाली, आणि तिने दोघींची ताटं उचलली.

सकाळी निघाली तेव्हा ताई झोपल्यासारखी पडून होती. दोन मजले उतरल्यावर धाकटीला वर दार उघडल्याचा आवाज आला. ती थांबली. वरूनही पाऊल वाजलं नाही, खालूनही नाही. दोघीही आपापल्या जागी उभ्या राहिल्या असाव्यात. मग धाकटी खाली उतरून गेली.

बसने पाऊण तास लागला. ही बाग तिच्या ओळखीची नव्हती. बाकं वेगळ्या रंगाची, झाडं जुनी, पायवाटा कुठे जातात ते ठाऊक नाही. तिने वही आणली नव्हती, आपली नाही आणि ताईची नाही. दुपारपर्यंत ती नुसती फिरली. भूक लागली तेव्हा डबा खाल्ला. मग तळ्याकाठच्या रुंद पानांच्या झुडपापाशी बसून एकेक पान उलटून पाहू लागली, आणि सातव्या-आठव्या पानाखाली तो होता. तांदळाच्या दाण्याएवढा, हिरवट, जवळजवळ पारदर्शक. तिने श्वास रोखून भिंग लावलं. त्याचं डोकं इतकं नितळ होतं की आतलं दिसत होतं. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांच्या मागे दोन काळसर नळ्या होत्या, आणि त्या आतल्या आत सरकत होत्या, डावीकडे, उजवीकडे, मग दोन्ही एकदम तिच्यावर येऊन थांबल्या. डोकं हललं नव्हतं. नुसती नजर हलली होती, आणि ती हलताना तिने आतून पाहिली होती. आयुष्यभर डोळ्यांपुढे काचा बसवल्या, पण पाहणं कसं चालतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

पिशवीत फोन वाजला. तिने वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजला. पान तसंच दोन बोटांत धरून तिने डाव्या हाताने फोन काढला.

“बाळ,” ताई म्हणाली. आवाज जपून, बेताचा. मागे शिवणवाल्या काकू काहीतरी बोलत होत्या. “जेवलीस?”

हो, धाकटी म्हणाली. औषध घेतलंस का, तिने विचारलं. घेतलं, ताई म्हणाली. मग पलीकडे कागद सळसळला. ताईच्या समोर उघडलेली वही आणि टोपण काढलेलं पेन धाकटीला स्पष्ट दिसलं.

“सापडलं का काही?” ताईने विचारलं.

हिरव्या डोक्यातल्या त्या दोन नळ्या पुन्हा सरकल्या.

“नाही,” धाकटी म्हणाली. “अजून काही नाही.”

“बरं. संध्याकाळी ये वेळेवर,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवला. तीन वाजले होते. धाकटी पानावर पुन्हा वाकली.